मूळचे कुठले?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आपला परिसर, आपली माणसं’ असा विषय दिला आहे आणि वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजली की माझं वाक्य जिथे असेल तिथे तुटायचं. आज घंटा कुणाच्या हातात आहे ते मी आधीच बघून ठेवलं आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. इतिहासाचा माझा अभ्यास नाही. दहावीला इतिहासात मला किती मार्क होते ते बाईंना आठवत असेल, पण त्यांनी ते माइकवर सांगू नये. मात्र इंजिनीअर माणसाला एक खोड असते. रोज वापरात असलेली वस्तू आतून कशी चालते ते उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी उघडून बघितलेली वस्तू म्हणजे एक प्रश्न आहे. आपण सगळे तो दुसऱ्याला विचारतो आणि आपल्यालाही सगळे विचारतात: “मूळचे कुठले तुम्ही?”

पुण्यात मला हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो. मी सांगते, निडी. निडी कुठे? रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. तरी उजेड पडत नाही. मग सांगते की कोकणात जाताना पेण, कासू, नागोठणे मागे पडलं की खिडकीतून एक पाटी झर्रकन जाते, ती वाचता आली तर ती निडी. तुमची एक्स्प्रेस तिथे थांबत नाही, आमची दिवा-रोहा गाडी थांबते.

आता हे ‘मूळ’ किती खोल जातं ते बघू. घरचा सातबारा काढलात तर त्यावर नुसतं निडी नसतं, ‘निडी तर्फे अष्टमी’ असतं. लहानपणी मला वाटायचं की अष्टमी नावाच्या कुणी बाईंनी आमचं गाव कुणाला तरी सप्रेम भेट दिलं असावं. तरफ म्हणजे जुन्या काळातला महसुलाचा विभाग. आपली तरफ अष्टमीची. कुंडलिकेच्या एका काठाला रोहे आणि समोरच्या काठाला अष्टमी. तरफा गेल्या, त्यांचे अंमलदार गेले, १८१८ साली पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं, मग राणीचं राज्य आलं. १८६९ साली कुलाबा जिल्हा झाला आणि १९८१ साली त्याचा रायगड झाला. पण सातबाऱ्यावरचं ‘तर्फे अष्टमी’ हे शेपूट तसंच राहिलं. राज्य करणारे येतात आणि जातात, कागद मात्र राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला ती लागणार आहे.

आपल्या सगळ्यांची नदी कुंडलिका. तिच्याच काठाकाठाने थोडं जाऊन येऊ.

आधी वरच्या अंगाला जाऊ. उन्हाळ्यात आजूबाजूच्या नद्यांचे दगड उघडे पडतात, पण कुंडलिकेला पाणी असतं. कोलाडला पुण्या-मुंबईचे लोक त्या पाण्यात होड्या उलट्या करायला पैसे देऊन येतात. हे पाणी मूळचं कुंडलिकेचं नाही. ते मुळशीच्या धरणाचं आहे. मुळा नदी पूर्वेला वाहणारी, तिचं पाणी टाटांच्या कंपनीने डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि भिऱ्याच्या वीजघरात आणून सोडलं. १९२७ पासून मुंबईला वीज देऊन झालेलं पाणी आपल्या नदीत येतं. त्यासाठी इंग्रज सरकारच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता, तो १९२१ ला सुरू झाला. म्हणजे ज्या पाण्यात आपण पोहायला शिकलो, तेही इथे स्थलांतर करून आलेलं आहे, आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी गाव उठलेलं आहे.

आता खाली, मुखाकडे. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे एका बाजूला रेवदंडा आहे, दुसऱ्या बाजूला कोर्लई. सहलीला आपण दोन्हीकडे गेलो होतो. कोर्लईच्या किल्ल्यावर चढताना ज्यांची धाप लागली होती ते आज इथे बसले आहेत, आणि आज तर त्यांची जिना चढतानाही लागते. पोर्तुगीज १५०५ मध्ये चौलला आले, १५२१ मध्ये त्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना चौल सोडायला लावलं. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, पण कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं अजून पोर्तुगीजातून घडलेली आपली अशी एक बोली घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बाजारात आले की तेच लोक तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात.

आणि पोर्तुगीज काही फक्त कोर्लईलाच राहिले नाहीत. ते आपल्या सगळ्यांच्या घरात राहतात. चावी त्यांची, बादली त्यांची. पाव, बटाटा, कोबी, काजू त्यांचे. बांधकामावरचा मिस्त्री आणि त्याचं घमेलंही त्यांचं. महिन्याच्या एक तारखेला आपण ज्याची वाट बघतो, तो पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. मला नोकरी लागली तेव्हा माझी आजी अंगणात सगळ्यांना सांगत होती, “नातीला पगार चालू झाला.” तिच्या तोंडात तो शब्द इतका अस्सल निडीचा वाटायचा की लिस्बनच्या माणसालाही त्याच्यावर हक्क सांगायचा धीर झाला नसता.

नदीच्या दक्षिणेला गेलं की पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दींची हद्द लागायची. या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कुणी शिपाई म्हणून, कुणी गुलाम म्हणून. त्यांनी इथे राज्य केलं. हबशांचा मुलूख म्हणून त्या पट्ट्याला हबसाण म्हणत. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं वाचायला लागले त्या लोकांकडे येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीचं काम इस्रायलमधल्या एका टीमबरोबर चालू होतं. व्हिडिओ कॉलवर एक तरुण मुलगा असायचा. पडद्यावर त्याच्या चेहऱ्याखाली नाव यायचं, आणि त्याचं आडनाव म्हणजे आपल्या तालुक्यातल्या एका गावाचं नाव आणि पुढे ‘कर’. त्याच्या खाजगीपणासाठी आडनाव सांगत नाही. पण मला त्या दिवशी कॉलमध्ये काय बोलणं झालं ते काही आठवत नाही, मी नुसती ते नाव वाचत होते. शेवटी न राहवून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, त्याचा अर्थ मला माहीत नाही, आजीला माहीत आहे.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको, ही मंडळी बेने इस्राएल. पेणला, अलिबागला, रोहा-अष्टमीला त्यांची वस्ती होती. अलिबागचं त्यांचं प्रार्थनागृह १८४८ चं आहे, पेणचंही एकोणिसाव्या शतकातलं आहे. हे लोक प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. हे किती शतकांपूर्वी घडलं याबद्दल अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. २०१६ साली त्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे त्यांच्यात सापडले. म्हणजे ते खरंच बाहेरून आले होते आणि खरंच इथले झाले होते.

गावात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. बघा, गावाने त्यांना तुमचा धर्म कोणता, ग्रंथ कोणता, हे विचारलं नाही. कोणत्या वारी तेल मिळणार नाही एवढं लक्षात ठेवलं. आणि आडनाव म्हणून स्वतःचं नाव देऊन टाकलं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर. नामवंत डॉक्टर जेरुशा झिराड यांचं आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराडचं. सिनेमातले डेव्हिड, ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, यांचं आडनाव चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. उगाच सगळं गोड करून सांगत नाही. जातीची उतरंड या लोकांनीही उचलली, त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद पाळला जायचा. गावाने नाव दिलं, त्याबरोबर गावाचे दोषही दिले.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. एका सणाला ते खिरीचा सण म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो दुखवट्याचा उपास असतो, त्याला म्हणत ‘बिरड्याचा रोजा’. दुःख जेरुसलेमचं, रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा आणि बिरडं आपल्या शेतातल्या वालाचं. दोनच शब्द आहेत, पण आपला अख्खा जिल्हा त्यात बसला आहे. एलियाहू हनाबी म्हणजे एलिया पैगंबर. त्यांच्या नावाने मलिदा करतात, त्यात पोहे, ओलं खोबरं आणि गूळ असतो. पेणच्या पोह्यांचं कौतुक आपल्याला कुणी सांगायला नको.

मग इंग्रज आले. कंपनीच्या पलटणीत या लोकांना नोकऱ्या मिळाल्या. त्यातल्याच एका अधिकाऱ्याने, सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. मिशनरी मंडळींनी त्यांना हिब्रू शिकवायला घेतलं. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. पुढे जनगणना आली, तिचे रकाने आले. घाण्यावरचा तेली हळूहळू कारकून झाला, पोस्टात गेला, रेल्वेत गेला, दवाखान्यात गेला, मुंबईला गेला. आपले पूर्वज ज्या धरमतरच्या आणि रेवदंड्याच्या वाटेने मुंबईला गेले त्याच वाटेने. शिक्षण मिळालं, जगात आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळलं, आणि त्याबरोबर आपण शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आहोत हेही नव्याने कळलं. १९४८ मध्ये इस्रायल झालं तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. त्यातले बहुतेक पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत निघून गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपल्या सरकारने २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत इथे मोजकेच उरले होते.

त्या मुलाने एका शनिवारनंतर आजीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. आजी ऐंशीच्या पुढच्या. पहिलंच वाक्य: “कुठली गं तू?” मी म्हटलं, निडीची. “म्हणजे अष्टमीच्या वाटेवरची.” पुण्यात वीस वर्षांत कुणी मला असं ओळखलं नव्हतं. मग विचारलं, “वाल घरी सोलता, का सोललेले आणता?” मी खरं सांगितलं, सोललेले आणते. त्यावर त्या जे ‘हं’ म्हणाल्या ते मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

नंतर त्या सांगायला लागल्या. १९६२ च्या सुमाराला त्यांचं लग्न ठरलं. तिथल्या धर्मपीठाने तेव्हा असा आदेश काढला होता की बेने इस्राएल माणूस दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करणार असेल तर त्याची आई, आजी, पणजी शुद्ध ज्यू होत्या का ते तपासावं. आजी म्हणाल्या, “तिकडं होतो तेव्हा आम्ही अष्टमीचे होतो, कुणी काही विचारलं नाही. इकडं आपल्या लोकांत आलो आणि साहेब विचारतो, आजीची आजी कोण? तिचं नाव मला कुठनं ठाऊक? कागद कुठं होता आमच्याकडं?” त्या अन्यायाविरुद्ध १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठी निदर्शनं झाली आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. आजी त्यात होत्या. “तिथं आम्ही मराठीत घोषणा दिल्या,” असं त्या मला सांगत होत्या आणि नातू तोंडाचा आ करून ऐकत होता, कारण त्याने हे कधी ऐकलेलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘मूळचे कुठले’ हा एकच प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो, हे मला तेव्हा कळलं. आजी मला विचारत होत्या तो नातं जोडण्यासाठी. त्या साहेबाने आजीला विचारला तो दार लावण्यासाठी. शब्द तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी विचारणाऱ्याच्या हातात शिक्का होता.

आणि मग मला आपली एक वर्गमैत्रीण आठवली.

ती कातकरवाडीवरून यायची. हजेरीपटावर तिचा नंबर माझ्या आधी होता, म्हणून मला पक्कं आठवतं. दिवाळीची सुट्टी संपली की तिच्या घरची माणसं वीटभट्टीवर जायची. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असायची, ती फेडायला पोरांसकट अख्खं घर जायचं. तिचा नंबर आला की सर क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. पावसाच्या तोंडावर ती परत यायची. तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची. सहावीनंतर ती आली नाही. सातवीला तिचा नंबर मला मिळाला.

आपण सगळे कुठून तरी आलो. आगरी मंडळींनी खाडीला बांध घालून आगरं केली, मिठागरं केली. देशमुख, कुलकर्णी कुठल्या तरी राजाची सनद घेऊन आले. कोकणी मुसलमान घराण्यांत अरब व्यापाऱ्यांच्या आठवणी आहेत. या सगळ्यांच्या आधीपासून डोंगरात जे होते, त्यांच्यात कातकरी आहेत. खैराच्या लाकडातून कात काढायचे, म्हणून कातकरी. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव झालं. जाळून-भाजून नाचणी-वरी करायची ती फिरती शेती बंद झाली, उरल्या त्या दळी जमिनी, आणि त्याही सरकारच्या मर्जीवर. खैर तोडणं गुन्हा झाला. जो कुठूनही आला नव्हता, तो आपल्याच जिल्ह्यात स्थलांतरित झाला, दर वर्षी, दिवाळी ते मे. समुद्रातून आलेल्या माणसाला आपल्या गावाने ‘अष्टमकर’ म्हटलं. डोंगरातल्या माणसाच्या कित्येक वाड्या अजून दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर उभ्या आहेत, त्यांच्या झोपडीखालची जमीन त्यांच्या नावावर नाही.

मागच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना भेटायला शाळेत आले होते. तेव्हा वाडीवरचा एक मुलगा तिथे बसला होता. त्याला कॉलेजात प्रवेशासाठी जमातीचा दाखला हवा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. जमीन नाही तर सातबारा कुठला? घरपट्टी नाही, जन्माची नोंद नाही. पुन्हा तोच साहेब, तोच प्रश्न: आजोबा कोण, पणजोबा कोण, कागद दाखव. फक्त या वेळी देश आपला आणि मुलगा आपल्या शाळेतला.

आपली शाळा स्वातंत्र्याच्या आधीची. क्लार्क भाऊंनी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं काढली. आम्ही तिघं दोन तास शोधत होतो. आणि १९४६ च्या पानावर त्याच्या पणजोबांचं नाव सापडलं. जात: काथोडी. इयत्ता पहिली. शाळा सोडल्याचं कारण: ‘गैरहजर’. पणजोबा शाळेत एक वर्षसुद्धा टिकले नव्हते, पण ते जेवढे दिवस आले तेवढ्या दिवसांची ती ओळ पणतूच्या कॉलेजसाठी उभी राहिली. ते पान उलटताना घडीवर तुटलं. भाऊंनी ते दोन्ही हातांनी जुळवून धरलं आणि म्हणाले, “ताई, आणखी दोन-तीन पावसाळे. मग हे सगळं पीठ होणार.”

काही पानं मागे आणखी एक नाव होतं. जन्मस्थळ अष्टमी. जात: बेने इस्राएल. मातृभाषा: मराठी. त्याच पानावर आगरी होते, मराठे होते, मुसलमान होते, महार होते. वर्गात कुणाला कुठे बसवत होते ते रजिस्टर सांगत नाही, आणि सगळे शेजारी शेजारी बसत होते असं मी म्हणणार नाही. पण एका शाईने, एका अक्षरात, एकाखाली एक लिहिलेली ही सगळी माणसं मी दुसऱ्या कुठल्याही कागदावर पाहिलेली नाहीत. सातबाऱ्यावर फक्त जमीनवाले असतात. सनदेवर फक्त सनदवाले. शाळेच्या रजिस्टरात जो आला तो असतो.

आज आपल्या शाळेच्या खालच्या वर्गांत धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं आहेत. आईवडील ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे. बाई सांगत होत्या, त्यातला एक पोरगा कुणी ‘कुठला रे तू’ विचारलं की ‘निडीचा’ म्हणून सांगतो. बरोबर सांगतो. सी. डी. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि आपण त्यांना ‘आपल्या रोह्याचे’ म्हणतोच की. मोठ्या माणसाला आपलं म्हणायला आपल्याला कागद लागत नाही. लहान पोरालाही तेवढीच सवलत द्यावी.

आता माझ्या दोन मागण्या सांगते आणि बसते.

पहिली. आपल्या शाळेची सगळी जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करायची आणि त्यांची अनुक्रमणिका करायची, म्हणजे नाव शोधायला दोन तासांऐवजी दोन मिनिटं लागतील. हे काम माझ्या धंद्यातलं आहे, खर्चाचं मी बघते. माहिती कुठेही उघडी ठेवायची नाही. ज्याची नोंद त्याच्या घरच्याला, मुख्याध्यापकांच्या सहीने मिळेल. मला माणसं हवी आहेत, मुख्यतः जुनं वळणदार अक्षर वाचू शकणारी. निवृत्त सर आणि बाई, तुम्ही आम्हाला अक्षर लावायला शिकवलंत, आता हे अक्षर लावून द्यायलाही तुम्हीच हव्या आहात.

दुसरी. भट्टीवर जाणाऱ्या घरांतली मुलं गावातच राहून शिकावीत यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आपल्या बॅचचे दोघं पंचायतीत आहेत, एक जण पंचायत समितीत आहे. दिवाळीच्या आधी अर्ज गेला तर यंदा काही मुलं थांबतील. दिवाळीनंतर अर्ज केला तर रिकाम्या बाकांचं वसतिगृह होईल. शाळा सोडल्याचा दाखला आपल्या सगळ्यांना मिळाला, रीतसर, शिक्क्यानिशी. माझ्या आधीच्या नंबरला तो मिळाला नाही. तिच्या नातवंडांच्या हजेरीत तरी ती जागा रिकामी राहू नये.

दिवाळीनंतरचे पहिले दोन शनिवार-रविवार रजिस्टरांसाठी ठरवले आहेत, सकाळी नऊपासून. स्कॅनर मी आणते. कपाटाची चावी, शब्द पोर्तुगीजांचा का असेना, मुख्याध्यापकांकडे आहे. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी भाऊंकडे नाव द्यावं.

घंटा अजून वाजलेली नाही, तोवर थांबते.